वरंधा घाट आणि स्कूटरचा दिवा

पुण्याहून कोकणात उतरायला ताम्हिणी आहे, पण महाड-बिरवाडीकडच्या माणसांची जवळची वाट भोरवरून, वरंधा घाटाची. सातारा रस्त्याने कापूरहोळला उजवीकडे वळायचे, भोर मागे टाकायचे. मग नीरा-देवघर धरणाचे पाणी कितीतरी वेळ सोबत चालते. घाटमाथ्यावर वाघजाईचे देऊळ, शेजारी भजी-चहाच्या टपऱ्या आणि हातातली पुडी पळवणारी माकडे. पावसाळ्यात दरडी कोसळतात, घाट बंद पडतो. एरवी रस्ता देखणा. मात्र सूर्य मावळला की जो काही उजेड असेल तो आपल्या गाडीचाच.

2012 च्या डिसेंबरात नात्यातल्या साखरपुड्यासाठी आम्ही या वाटेने बिरवाडीला निघालो होतो. मी आणि माझा धाकटा मेहुणा. तो गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो. स्कूटर वडिलांच्या वेळची, चेतक. 1972 पासून आकुर्डीत तयार होऊ लागलेली ही गाडी आपल्या कितीतरी घरांत हप्त्याने आली आणि तिच्यावर नवरा-बायको, दोन लेकरे असा सारा संसार हिंडला. आता याच नावाची विजेवरची स्कूटर निघते. तिची गोष्ट वेगळी.

वाघजाईला पोचेतो दिवस कलला. कांदाभजी खाऊन निघालो, तर पुढच्या वळणावर एक स्कूटर उतरत होती. मागे बाई, मध्ये लहान मूल. तिचा पुढचा दिवा काजव्यासारखा मिणमिणत होता.

मेहुणा म्हणाला, "दाजी, त्याचा बल्ब गेलेला नाही. गाडी न्यूट्रलला टाकलीय बघा."

आपल्यातले बरेचजण उतारावर पेट्रोल वाचवायला असेच करतात. जुन्या गिअरच्या स्कूटरला बहुतेक बॅटरी नसायचीच, असली तरी पुढचा दिवा तिच्यावर चालत नसे. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटोतून वीज येते आणि थेट दिव्याला जाते. इंजिन मंदावले की दिवा मंद. किल्ली बंद केली की मिट्ट काळोख. शिवाय न्यूट्रलमध्ये इंजिनाचा आवर सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणजे वळण दिसत नाही आणि गाडी थांबतही नाही. वाचलेले पेट्रोल किती? दोन-चार रुपयांचे. दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश उतरा; इंजिन फिरते राहते, दिवाही राहतो. मेहुण्याने त्यांना गाठून एवढेच सांगितले. त्या माणसाने गिअर टाकला आणि समोरचा कठडा लख्ख दिसला. बाई काही बोलली नाही, पण तिने पोराला जरा आणखी जवळ ओढले.

थोडे खाली आल्यावर आमचे दिवे गेले. पुढचा, मागचा, दोन्ही एकदम. इंजिन मात्र चालूच. कारण ठिणगीची कॉईल वेगळी, दिव्याची वेगळी. एकच दिवा गेला तर आधी बल्ब बघावा. सगळे एकदम गेले तर बहुधा वायर. मेहुण्याने हॅण्डल सरळ केले, दिवे आले. उजवीकडे वळवले, गेले. म्हणजे दोष मानेत. गाडी कडेला, डोंगराच्या बाजूला घेतली. मी टॉर्च धरली. त्याने हॅण्डलवरचा दिवा उघडला, वायरी वर ओढल्या. वर्षानुवर्षे घासून एका वायरीचे कातडे निघाले होते आणि उघडी तार पत्र्याला टेकत होती. टेप गुंडाळली, काम झाले.

हॅण्डल वळवून काही फरक पडला नसता, तर इंजिनाजवळची काळी डबी, म्हणजे जंक्शन बॉक्स उघडावा लागला असता. तेल आणि उष्णतेने तिथल्या वायरींचे रबर कडक होऊन गळून पडते. तपासायला बल्ब आणि वायरीचे दोन तुकडे पुरतात. इंजिन चालू ठेवून एक टोक पत्र्याला, दुसरे मॅग्नेटोकडून येणाऱ्या दिव्याच्या वायरीला लावा. बल्ब पेटला तर मॅग्नेटो ठीक, दोष पुढे कुठेतरी. खड्ड्यात दिवा लुकलुकत असेल तर होल्डर नाहीतर गंजलेली अर्थ. पॉलिश पेपरने घासली की बहुतेकदा भागते. बल्ब पुन्हापुन्हा उडत असतील तर नुसते बल्ब बदलून पैसे घालवू नका. 12 व्होल्टच्या गाडीत रेग्युलेटर तपासून घ्या. जुन्या 6 व्होल्टच्या गाडीत रेग्युलेटर नसतो. तिथे एक बल्ब उडाला की त्याची वीज उरलेल्यावर येते आणि तोही जातो. म्हणून घाटात जाताना पुढचा आणि मागचा, दोन्ही बल्ब कापसात गुंडाळून डिकीत ठेवावेत. मागचा दिवा आपल्याला दिसत नाही, म्हणून त्याची आठवण राहत नाही. पण मागून येणाऱ्या ट्रकला आपण दिसतो ते त्याच्यामुळेच.

1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. तरी खेड्यापाड्यांत जुन्या गाड्या अजून चालतात.

माझेरीपर्यंत ती स्कूटर आमच्या पुढेच होती. आम्ही बिरवाडीत पोचलो तेव्हा जेवणाची पंगत बसली होती. मेहुण्याचे हात काळे पाहून यजमानीणबाईंनी आधी साबण पुढे केला.