चालीखालची जमीन
पारंपरिक गीत नव्या शैलीत गाणारा कलावंत मूळ चाल किती बदलतो, यापेक्षा त्या चालीखाली तो कोणती जमीन अंथरतो हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते, आणि नीना सिमोन (१९३३–२००३) यांचे गायन त्याचा ठळक पुरावा आहे. नॉर्थ कॅरोलिनातील ट्रायॉन गावी जन्मलेल्या सिमोन यांची जडणघडण प्रथम पियानोवादक म्हणून झाली. बाखच्या रचनांवर पोसलेला त्यांचा डावा हात गाण्याला केवळ साथ देत नाही, तर गाण्याचा अर्थच ठरवतो.

‘द हाउस ऑफ द रायझिंग सन’ हे लोकगीतांचे संग्राहक अॅलन लोमॅक्स यांनी १९३७ मध्ये केंटकीतील मिडल्सबरो येथे एका खाणकामगाराच्या मुलीकडून ध्वनिमुद्रित केलेले लोकगीत. न्यूयॉर्कच्या व्हिलेज गेट क्लबमधील मैफलीत (ध्वनिमुद्रिका १९६२) सिमोन यांनी ते इतके संथ गायले, की दोन शब्दांमधली शांतताही पश्चात्तापाचाच भाग वाटते. १९६७ मध्ये मात्र तेच गीत रिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे ठाशीव ठेक्याच्या नागरी कृष्णवर्णीय संगीताच्या, वेगात धावते. ख्यालाच्या श्रोत्याला येथे विलंबित आणि द्रुत आठवतील, परंतु ख्यालात त्यासाठी बहुधा दोन निराळ्या बंदिशी लागतात, तर येथे गीत एकच राहते आणि गाणारीची मनोवृत्ती पालटते. द्रुत रूप ऐकायला रंजक असले, तरी दुःखाला थांबायला जागा संथ रूपातच मिळते.

‘सिनरमॅन’ हे स्पिरिच्युअल, म्हणजे आफ्रिकी-अमेरिकी समाजाचे सामूहिक भक्तिगीत, सिमोन यांना बालपणीच्या धर्मसभांतून मिळाले; त्यांची आई मेथडिस्ट धर्मोपदेशक होती. १९६५ च्या ध्वनिमुद्रणात ते दहा मिनिटांहून अधिक चालते. मोजकेच स्वरसंघात पुन्हा पुन्हा फिरत राहतात, मध्येच गायन थांबते, वाद्येही मागे सरतात आणि टाळ्यांचा ठेका तेवढा उरतो. जॅझची मोकळीक येथे आहे, पण तिचा उपयोग कौशल्य मिरवण्यासाठी होत नाही. सभेतला आवेश पुन्हा उभा करण्यासाठी होतो.

‘ब्लॅक इज द कलर ऑफ माय ट्रू लव्हज हेअर’ या अॅपलाचियन पर्वतप्रदेशातील प्रेमगीताबाबत मूळ चाल जशीच्या तशी राखण्याचा आग्रह तर आणखीच अवघड होतो, कारण सिमोन यांनी १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमधील मैफलीत पियानोच्या गडद सुरावटींवर गायलेली त्याची चाल मुळात लोकपरंपरेतून आलेलीच नव्हती. ती लोकगीतगायक व संगीतकार जॉन जेकब नाइल्स यांनी विसाव्या शतकात, जुनी चाल बाजूला सारून, स्वतः बांधली होती.