रोडग्याची वाटी

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस, म्हणजे चंपाषष्ठीस, खंडोबाचे षड्रात्र संपते आणि चातुर्मासापासून वर्ज्य असलेले वांगे आमच्या नाशिकच्या घरी पुन्हा शिजते. बाजरीच्या जाड रोडग्याच्या कडेस चिमटीने नक्षी काढून मधल्या खळग्यात कांद्याची पात घातलेले भरीत वाढावयाचे व वर तुपाची धार सोडावयाची, ही आमच्या मातोश्रींची रीत.

यंदा नैवेद्य सिद्ध झाला. परंतु तळी उचलावयास पाच जण हवेत, आणि घरात आम्ही चौघेच. पाचवे धाकटे बंधू; वाटणीपासून त्यांच्याशी अबोला. विद्यार्थ्यांकडून जन्मभर 'क्षमा' शब्द चालवून घेणारे आम्ही, त्यांच्या दारी जावयास मात्र कचरलो! अखेर गेलो. बंधू आले, तळी उचलली गेली, आणि त्यांनी रोडगा मोडून अर्धा आमच्या पानात ठेवला. बोलणे फारसे झाले नाही. भरीत मात्र उरले नाही.