आईंच्या वाट्याच्या पायऱ्या

कोल्हापूरहून गाडी निघाली, तेव्हाच आईंनी सांगून टाकले होते, "बाकी काही दाखवू नका, पण चामुंडीच्या पायऱ्या मला चढायच्या आहेत." मुलाने आरशातून मागे पाहिले. आईंचे वय पंचाहत्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे आणि पायऱ्या एक हजार!

"आई, वरपर्यंत गाडी जाते. उगाच हट्ट करू नकोस," तो म्हणाला. आई गप्प बसल्या. सुनेला मात्र ठाऊक होते, की ही गप्प बसणारी आई हरलेली नसते.

पहिला मुक्काम चित्रदुर्गला झाला. वयस्कर माणूस सोबत असेल, तर एका दिवसात सगळे अंतर कापण्याचा अट्टहास न करणेच शहाणपणाचे. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून पाय मोकळे केले, की पुढचा दिवस वाया जात नाही. रात्री जेवताना सुनेने हळूच विचारले, "आई, पायऱ्याच का हो?"

तेव्हा उलगडा झाला. १९७४ साली आई मैसूरला आल्या होत्या. कडेवर सात महिन्यांचे मूल, तेही तापाने फणफणलेले. "हे वर जाऊन आले. मी खाली झाडाखाली याला मांडीवर घेऊन बसले. ह्यांनी वरून कुंकू आणलं आणि म्हणाले, पुढच्या खेपेला दोघं मिळून चढू. ती खेप काही आली नाही." मुलगा भाकरीचा तुकडा हातात धरून तसाच बसला. मांडीवरचे ते मूल म्हणजे तोच होता.

मैसूरला पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच मंडळी निघाली. चामुंडी टेकडी शहरापासून रस्त्याने सुमारे तेरा किलोमीटरवर आहे. समुद्रसपाटीपासून तिची उंची हजार मीटरहून थोडी अधिक. मैसूर शहरच उंचावर वसलेले असल्याने प्रत्यक्ष चढ साधारण तीनशे मीटरचा. या पायऱ्या सतराव्या शतकात दोड्ड देवराज वोडेयर यांनी बांधवून घेतल्या. पायथ्यापासून सुमारे सातशे पायऱ्या चढून गेले, की नंदी लागतो. तिथून वर आणखी तीनशे.

सुनेने आदल्या दिवशीच हॉटेलात चौकशी करून ठेवली होती. नंदीपर्यंत गाडीनेही जाता येते. २०२१ च्या पावसात तिकडच्या रस्त्याचा एक भाग खचला होता, म्हणून कोणत्या वाटेने जायचे हे आधी विचारून घेतलेले बरे. "आई, नंदीपाशी उतरू या. तिथून तुम्हाला जमतील तेवढ्या पायऱ्या चढा. मी मागे आहेच," ती म्हणाली. आईंनी मान डोलावली.

काळ्याभोर नंदीपुढे आई कितीतरी वेळ उभ्या होत्या. एकाच दगडातून कोरलेली ही मूर्ती सुमारे सोळा फूट उंच आणि चोवीस-पंचवीस फूट लांब आहे. गळ्यातल्या घंटा आणि माळा इतक्या रेखीव, की आता वाजतील असे वाटावे.

मग आईंनी पदर खोचला. एका हातात काठी, दुसरा सुनेच्या खांद्यावर. एक, दोन, तीन... प्रत्येक पायरी त्या मोजत होत्या. एकविसाव्या पायरीवर थांबल्या. धाप लागली होती, पण चेहरा हसरा होता.

"पुरे. गुडघ्यांचंही ऐकायला हवं," त्या म्हणाल्या आणि मुलाकडे वळल्या. "तेव्हा तुझ्यामुळे राहिल्या होत्या. आता माझ्या वाट्याच्या तू चढ."

मुलगा काही बोलला नाही. गाडीची किल्ली बायकोच्या हाती देऊन तो चढू लागला. सासू-सून गाडीने वर पोहोचल्या.

वर आल्यावर रंगीबेरंगी महिषासुराचा पुतळा दिसतो. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात नाग. मैसूर हे नावच मुळी या महिषावरून आले, असे मानतात. चामुंडेश्वरीच्या मंदिराचे सात मजली गोपुर तिसऱ्या कृष्णराज वोडेयर यांच्या काळातले. आपल्या राण्यांसह या राजाची मूर्तीही मंदिरात आहे. आपल्या वाचकांना गंमत वाटेल, पण जवळच महाबळेश्वराचेही मंदिर आहे. ते देवीच्या मंदिराहून जुने असून एकेकाळी ही टेकडी त्याच्याच नावाने ओळखली जाई.

इथे यायचे तर सकाळीच यावे. दुपारी मंदिर काही वेळ बंद असते. आषाढातल्या शुक्रवारी आणि दसऱ्याच्या दिवसांत प्रचंड गर्दी उसळते. वयस्कर माणसांना घेऊन ते दिवस टाळलेलेच बरे. शहरातून वरपर्यंत बसही मिळते. माकडे मात्र धीट आहेत, हातातली पिशवी सांभाळा.

दर्शन न घेताच आई पायऱ्यांच्या तोंडाशी जाऊन बसल्या. खाली मैसूर पसरले होते. झाडीत उठून दिसणारा पांढराशुभ्र ललित महाल, पलीकडे राजवाड्याचे घुमट. १८९७ मध्ये जुना लाकडी वाडा जळाला, त्यानंतर उभा राहिलेला हा राजवाडा १९१२ मध्ये पूर्ण झाला. रविवारी संध्याकाळी तो सुमारे एक लाख दिव्यांनी उजळतो.

आईंचे लक्ष मात्र पायऱ्यांकडे होते. अर्ध्या तासाने घामाघूम झालेला, वाटेत तीनदा टेकलेला, पन्नाशी ओलांडलेला त्यांचा मुलगा वर आला आणि त्यांच्याशेजारी मटकन बसला. आईंनी पदराने त्याचे कपाळ पुसले. मग सवयीने हाताची पाठ टेकवून पाहिली.

"ताप नाही," त्या म्हणाल्या. "चल, आता दर्शनाला जाऊ."