आठांचे सव्वातीन

२०१४ सालीं वाशीमच्या आमच्या घरीं पुतण्यानें सुटे भाग जुळवून संगणक उभा केला. चार-चार गिगाबाइटच्या रॅमच्या दोन पट्ट्या बसविल्या. यंत्र मात्र सव्वातीनच वापरण्याजोगे दाखवी! पट्ट्यांचीं टोकें खोडरबरानें पुसलीं, जागा बदलून पाहिल्या, सारें व्यर्थ. दुकानदारानें फसविलें असें ठरवून आम्ही त्यास चारचौघांत नको तें बोललों. पुढें कळलें, आमची विंडोज ३२ बिटांची. तिला स्मरणाचीं ४,२९,४९,६७,२९६ घरेंच मोजतां येतात, आणि त्यांतलींही कांहीं इतर भागांकरितां राखलेलीं. ६४ बिटांची घालतांच आठही दिसले. पुतण्या हंसला, आम्हांस मात्र दुकानाची पायरी जड गेली. दुकानदारानें चहा मागविला, आणि तो विषय काढलाच नाहीं.