बकुळीहाराचा पुष्पगुच्छ

लग्नसराई सुरू झाली की घरात पत्रिकांचा ढीग पडतो. आमच्या सीमाभागात त्या बहुधा दोन भाषांत असतात, एका अंगाला मराठी आणि दुसऱ्या अंगाला कन्नड. पण शेवटची एक ओळ दोन्हीकडे नेमाने असते: कृपया आहेर व पुष्पगुच्छ आणू नयेत. छापणाऱ्यांचेही चुकत नाही. प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले जरबेराचे गुच्छ स्टेजच्या कोपऱ्यात साठत जातात आणि दुसऱ्या दिवशी झाडूवाल्याचे काम वाढवतात.

नवरीच्या हातातला गुच्छ मात्र वेगळा. ही चाल आपल्याकडे चर्चमधल्या लग्नांतून आली. बेळगावच्या कॅम्पातल्या आणि गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत ती जुनीच. आता आपल्या रिसेप्शनमध्येही शालू नेसलेली नवरी हातात गुच्छ घेऊन उभी राहते. डेकोरेशनवाल्याकडे त्याचा अल्बम असतो. त्यातले एक पान आपण दाखवायचे, की तसाच गुच्छ येतो. गेल्या वर्षी माझ्या भाचीला हातात घेण्यासारखे बोटावर मोजण्याइतकेही त्या अल्बममध्ये सापडले नाही. ‘मावशी, आपल्या घरातलं काहीतरी हवं गं,’ ती म्हणाली. नवरा मुलगा धारवाडचा, घरी कन्नड बोलणारा. लग्न वैशाखातले.

मी इतिहास शिकवते, फुलांचे शास्त्र मला येत नाही. पण ‘आपल्या घरातलं’ म्हटल्यावर मला दागिने आठवले, आणि दागिन्यांची नावे आठवू लागले तर तिथे निम्मी बागच निघाली. बकुळीहार, चाफेकळी, कर्णफूल. अंबाड्यात खोवायचे सोन्याचे केवडा, गुलाबाचे फूल, सूर्यफूल. कन्नड घरांतला मल्लिगे मोग्गिन सर म्हणजे मोगऱ्याच्या कळ्यांची सोन्याची माळ. कानातल्याला कन्नडमध्ये ओले म्हणतात, त्या शब्दाचा मूळ अर्थ ताडाचे पान. आधी पानाची गुंडाळी कानात होती, सोने नंतर आले. आपली वाकी त्यांच्याकडे वंकी होते आणि बुगडी बुगुडी होते, एवढाच काय तो फरक.

उलटा प्रवासही आहेच. मोत्यांच्या मुंडावळ्यांच्या जागी फुलांच्या मुंडावळ्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. वेणीवर वरपासून खालपर्यंत बसवायचे जडेनागर आणि जडेबिल्ले ज्यांनी पाहिले असतील, त्यांना मोग्गिन जडे पाहताच ओळख पटेल. तीच रचना, फक्त सोन्याऐवजी मोगऱ्याच्या कळ्या. कर्नाटकातल्या कितीतरी घरांत अशी वेणी घातलेल्या मुलीचा आरशाकडे पाठ केलेला फोटो असतो, कारण वेणी दिसली नाही तर फोटोचा उपयोग काय? १४४३ साली विजयनगरात आलेला शाहरुखचा वकील अब्दुर रझाक याने तिथल्या बाजाराचे वर्णन करताना जवाहिऱ्यांची रत्ने आणि ठिकठिकाणी विकले जाणारे गुलाब, दोन्हींची नोंद केली आहे. इथल्या लोकांना गुलाब अन्नाइतकेच गरजेचे वाटतात, असे त्याला दिसले. फूल आणि रत्न यांचा शेजार आपल्याकडे एवढा जुना आहे.

आमच्या घरी बकुळीहार होता. म्हणजे १९८९ पर्यंत होता. बाबांचे मोठे ऑपरेशन मिरजेला ठरले, तेव्हा आई एकटीच शहापूरच्या सराफ गल्लीत गेली आणि हार देऊन आली. मी नऊ वर्षांची होते. ताईचे लग्न १९९८ ला झाले, तेव्हा आईने स्वतःची पाटली मोडून तिला नवे घडवले, पण हाराचा विषय काढला नाही. नातीचे लग्न ठरले तेव्हा मात्र तिचा धीर सुटला. ‘आजीनं नातीच्या गळ्यात काय घालायचं गं? माझ्याकडं काय राहिलंय?’ असे ती दोन-तीनदा म्हणाली. २०२५ मध्ये सोन्याने दहा ग्रॅमला लाखाचा आकडा ओलांडला. पेन्शनवर राहणाऱ्या बाईने चार तोळ्यांचा हार पुन्हा करायचा म्हटले तर कसा करावा?

म्हणून भाचीने आईच्या लग्नातला काळा-पांढरा फोटो मोबाईलवर घेऊन मोठा केला आणि आजीसमोर धरला. हार दोन पदरी होता एवढे फोटोत दिसत होते, बाकीचे आईने सांगितले. प्रत्येक फुलाच्या कडेला बारीक दाते होते. मध्ये पदक, पदकात लाल खडा, भोवती मोती. बोलता बोलता ती सराफाच्या दुकानापर्यंत आली. सराफाने म्हटले होते, ‘वहिनी, गहाण ठेवा, मोडू नका.’ आई म्हणाली, ‘गहाण ठेवला तर सोडवायची काळजी राहील. आजाऱ्याची काळजी आहे तेवढी पुरे.’ छत्तीस वर्षांत हे आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. ‘हार गेला, पण माणूस राहिलं. एकोणीस वर्षं राहिलं,’ एवढे बोलून ती चहा ठेवायला उठली.

गुच्छ त्या हाराचाच करायचा, हे तिथे ठरले.

गणपत गल्लीत हार गुंफणाऱ्या एका मावशींकडे फोटो नेला. त्यांनी तो नीट पाहिला आणि म्हणाल्या, ‘बकूळ कोण आणतंय आता बाजारात? निशिगंध घ्या की.’ बकूळ मी आणीन म्हटले. आमच्या कॉलेजच्या आवारात बकुळीचे जुने झाड आहे. त्याची फुले पहाटे गळतात. वेचायचे ते उजाडताच, नाहीतर पायाखाली जातात. ओवायला मात्र यासारखे दुसरे फूल नाही. गळलेल्या फुलाला मधोमध आपसूक भोक असते, लहान मुलेही दोरा घालू शकतात. लग्नाच्या दिवशी मी आणि शेजारच्या दोन मुली पाऊण तासात परडीभर फुले घेऊन आलो.

मावशींनी बटण शेवंतीची पिवळी फुले बारीक तारेवर चढवून ठुशीच्या मण्यांसारखी दाटीने बसवली. हा गुच्छाचा वरचा गोल. उन्हाळ्यात शेवंती महाग, पण लागली थोडी. गोलाच्या कडेने मोगऱ्याच्या कळ्या, म्हणजे मोती. खाली बकुळीचे दोन पदर सोडले, साधारण दीड वितीचे. पदर जुळतात तिथे लहानसा गडद लाल गुलाब आणि भोवती पुन्हा कळ्या. हे पदक. हिरवा स्पंज लागला नाही, प्लॅस्टिकही नाही. देठांची मूठ केळीच्या सोपाने बांधली आणि वर आईच्या जुन्या इरकलीचा काठ गुंडाळला. सगळा खर्च साडेसातशे रुपये.

आईला हे फारसे पटलेले नव्हते. ‘फुलांचा कसला दागिना? एका दिवसात सुकतंय की ते,’ असे तिचे चाललेच होते. दुपारी व्याह्यांकडच्या बायका भाचीची मोग्गिन जडे घालायला आल्या. कळ्यांची टोपली एकच, तीतूनच वेणी आणि गुच्छ दोन्हींचे काम चालू होते. मुलाच्या आईने बकुळीचे पदर हातात घेऊन वास घेतला आणि विचारले, ‘अक्कार, इदु बकुळद हूवु अल्लेन्री?’ आई म्हणाली, ‘हौद्री,’ आणि मग मराठी-कन्नड मिसळून तिने त्यांना सगळा हार सांगितला. मोडल्याचेही सांगितले. त्या विहिणबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी आपल्या घरची बोरमाळ शेताच्या कर्जात कशी गेली, ते सांगितले. सोयरीक ठरल्यापासून दोघी एकमेकींशी जपूनच बोलत होत्या. त्या दुपारपासून तसे राहिले नाही.

मोगऱ्याची एक गंमत सांगायला हवी. सकाळी खुडलेली कळी संध्याकाळनंतर उमलते. म्हणून ती दिवसभर ओल्या फडक्यात, सावलीत जपावी लागते. साडेसहाला भाची स्टेजवर उभी राहिली तेव्हा गुच्छात मोती होते. नऊ वाजता जेवणाच्या पंगती उठत होत्या, तोवर त्या मोत्यांची फुले झाली होती आणि वेणीही उमलली होती. पाहुणे जवळ येऊन वास घेत होते. आमच्या नात्यातल्या दोन म्हाताऱ्यांनी ‘हा तर बकुळीहार!’ म्हणून न सांगता ओळखला. आईने ते ऐकले.

चर्चमधल्या लग्नात नवरी गुच्छ मैत्रिणींकडे फेकते. भाचीने निघताना तो आजीच्या हातात दिला. शेवंती आणि गुलाब तिसऱ्या दिवशी गेले. बकुळीचे पदर तेवढे आईने सोडवून घेतले. ते आता तपकिरी झाले आहेत, पण वाळली तरी बकूळ वास सोडत नाही. सराफाने त्या वेळी परत दिलेली हाराची रिकामी डबी आई सेफ्टी पिना ठेवायला वापरत होती. पिना आता चहाच्या जुन्या डब्यात आहेत.

आपल्या भागात अशी घरे थोडी नाहीत. कोणाची चाफेकळी शिक्षणात गेली, कोणाचा सर बियाण्यात. सोने परत येईलच असे नाही, पण तो दागिना अंगावर घातलेली बाई अजून घरात असेल, तर तिला आजच विचारून घ्या. पदर किती होते, खडा कोणता होता, कागदावर काढून ठेवा. लग्न आल्यावर फुले बाजारात मिळतातच.

येत्या मार्गशीर्षात भाचीच्या नणंदेचे लग्न आहे. विहिणबाईंचा परवाच फोन आला होता. बोरमाळेला दोन्ही भाषांत बोरमाळच म्हणतात, तेव्हा समजावून सांगायला वेळ लागला नाही. त्यांना गुच्छासाठी कोणती फुले घ्यावीत, एवढेच हवे होते. मी बटण शेवंती सांगितली. थंडीत ती स्वस्तही असते.