दोन दिवसांची रजा

वाचकहो, घरात एखादी व्यक्ती दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेली असेल, तर तिची शुश्रूषा करणाऱ्यांचे आयुष्यही हळूहळू त्या अंथरुणाभोवतीच फिरू लागते. माझ्या दवाखान्यात अशी अनेक जोडपी येतात. तक्रार पाठदुखीची, निद्रानाशाची किंवा वाढलेल्या रक्तदाबाची असते. चौकशी केली की कळते, कित्येक वर्षांत दोघांनी मिळून एक रात्रही घराबाहेर काढलेली नाही. "डॉक्टर, आम्ही गेलो तर आईंचे कोण पाहणार?" हा त्यांचा प्रश्न मला परका वाटत नाही, कारण तो माझ्याही घरातला आहे.

माझ्या सासूबाई ८३ वर्षांच्या आहेत. चार वर्षांपूर्वी पक्षाघाताने त्यांची डावी बाजू लुळी पडली. दिवसा एक मदतनीस असते, रात्री आम्ही दोघे. गेल्या हिवाळ्यात माझ्या नणंदेने, आमच्या वन्संनी, आपणहून सांगितले, "शनिवार-रविवार मी येऊन राहते. तुम्ही दोघे कुठेतरी जाऊन या." तरीही मनाला टोचणी होतीच. ती दूर केली सासूबाईंनीच. त्यांचे माहेर कोल्हापूरचे. अडखळत, पण ठसक्यात म्हणाल्या, "जावा की कोल्हापूरला! मी कुठं पळून चाललीय?"

अशा रजेची तयारी औषधाच्या चिठ्ठीइतक्याच काटेकोरपणे करावी. वन्सं एक दिवस आधी आल्या आणि पूर्ण दिवस आमच्याबरोबर सारे करून पाहिले. मी मोठ्या अक्षरांत एक कागद लिहून भिंतीवर लावला. कोणती गोळी किती वाजता द्यायची, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, भरवताना ताठ बसवायचे आणि जेवणानंतर किमान अर्धा तास आडवे करायचे नाही, हे त्यावर होते. चेहरा एका बाजूला वाकडा झाला, हात गळून पडला किंवा बोलणे अचानक अस्पष्ट झाले, तर आमच्या फोनची वाट न पाहता १०८ वर संपर्क साधायचा, हेही लिहिले. आम्ही फोन दोनच वेळा करायचा, सकाळी नऊला आणि रात्री आठला, असे ठरले. वारंवार फोन करणारा माणूस घरातून निघालेलाच नसतो.

पुण्याहून कोल्हापूर सुमारे २३० किलोमीटर. दर दीड तासाने उतरून पाच मिनिटे चालायचे, हा नियम पन्नाशीनंतर प्रत्येकाने पाळावा. पायांत रक्त साकळण्याचा धोका त्याने कमी होतो. ह्यांना रक्तदाब आहे, मला मधुमेह. त्यामुळे दोघांची औषधे हातातल्या पिशवीत होती. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत औषधे, विशेषतः इन्शुलिन, कधीही ठेवू नये.

आम्ही मोजकीच ठिकाणे निवडली. पन्हाळा या खेपेस सोडला. १८८४ मध्ये पूर्ण झालेल्या नव्या राजवाड्यातील संग्रहालय तळमजल्यावर असल्याने गुडघ्यांना त्रास न होता पाहता आले. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले, १९१२ मध्ये पूर्ण झालेले खासबाग कुस्ती मैदान पाहताना हे चक्क बालपणातल्या कुस्त्यांविषयी बोलू लागले. लग्नाला एकोणतीस वर्षे झाली, तरी ते मी प्रथमच ऐकत होते. संध्याकाळी रंकाळ्याच्या काठी भेळ घेऊन बसलो. बराच वेळ कुणीही डायपर, गोळ्या किंवा बिले हे शब्द उच्चारले नाहीत.

त्या रात्री दोन वाजता आम्ही दोघेही एकाच वेळी जागे झालो. कूस बदलायची वेळ झाली होती; पण कूस बदलायला कुणीच नव्हते. अंधारात हे म्हणाले, "अगं, झोप. ताई आहे तिथे." शरीराला लागलेली ती सवय पाहून आपण किती थकलो आहोत, हे मला स्पष्ट दिसले. मग मात्र सकाळपर्यंत गाढ झोप लागली.

अंबाबाईच्या दर्शनाला पहाटेच गेलो. मधुमेहींनी हे जरूर लक्षात ठेवावे. देवळाच्या आवारात अनवाणी चालावे लागते आणि पायांची संवेदना कमी झालेली असेल, तर तापलेल्या फरशीचा चटका कळतही नाही. सकाळी लवकर जावे आणि रात्री तळवे नीट तपासावेत. कोल्हापुरी चपला अवश्य घ्याव्यात, पण सहलीत नव्या चपला घालून फिरू नये. अंगठ्याशी घासून झालेली लहानशी जखमही मधुमेहात महागात पडते.

आता खाण्याविषयी. कोल्हापूरला जाऊन बेचव खाणे हा अन्यायच होय. येथे मिसळीबरोबर पावाचे स्लाइस देतात. आम्ही एकच मिसळ दोघांत घेतली आणि कट वेगळा मागवला. दुपारी एका खानावळीत तांबडा-पांढरा रस्सा, मटण आणि ज्वारीची भाकरी जेवलो. पांढरा रस्सा दिसायला सौम्य. पण मटणाच्या अर्कात नारळाचे दूध, काजू, तीळ, खसखस पडल्याने तो पचायला जड असतो. रस्सा पुनःपुन्हा वाढतात आणि प्रत्येक वाटीबरोबर मीठ पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे. म्हणून ह्यांनी प्रत्येक रस्सा एकेक वाटीच घेतला, पापड-लोणचे टाळले आणि रात्री साधा दहीभात खाल्ला. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशीची धार समोर पेल्यात काढून देतात. ते दृश्य आम्ही कौतुकाने पाहिले, पण दूध प्यायलो नाही. न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस, क्षय यांसारखे आजार होऊ शकतात. वृद्धांनी आणि मधुमेहींनी ते टाळावेच.

रविवारी रात्री परतलो, तेव्हा सासूबाई जाग्याच होत्या. दोन दिवसांत त्यांनी लेकीला रंकाळ्याच्या, शाळेच्या, धाकट्या भावाच्या कितीतरी गोष्टी सांगितल्या होत्या. रुग्णालाही रोजच्या चेहऱ्यांपासून थोडी सुटी हवी असते, हे त्यांच्या प्रसन्न मुद्रेवरून कळत होते. दुसऱ्या दिवशी मी कमी मिठाचा, तिखट नसलेला पांढरा रस्सा केला आणि गाळून, त्यांना गिळता येईल इतका दाट करून चमच्याने भरवला. दोन घास झाल्यावर त्या म्हणाल्या, "मिरी कमी पडली."

वाचकहो, शुश्रूषा ही वर्षानुवर्षे चालणारी गोष्ट आहे आणि ती करणाऱ्या शरीरालाही विश्रांतीची मात्रा लागते. कुणी नातेवाईक मदत देऊ करत असतील, तर संकोच न करता ती स्वीकारा. कुणी देऊ करत नसेल, तर स्पष्ट शब्दांत मागा. आणि घरातील ज्येष्ठांनो, आपल्याला एक विनंती. मुला-सुनेला अपराधी वाटते ते आपल्यासाठीच. "जाऊन या" हे दोन शब्द आपल्या तोंडून आले, तर त्यांची अर्धी थकावट तेथेच उतरेल.