डिगनंतर

कॉलेजच्या लॅबमध्ये मला पहिल्यांदा भेटलं ते एनएसलुकअप. संकेतस्थळाचं नाव टाइप करायचं, खाली आयपी पत्ता उमटायचा. एरवी ब्राउझर परस्पर उरकतो ते काम आपण स्वतः विचारून करून घेतोय, याचंच मला फार अप्रूप होतं.

नोकरीत फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचे सर्व्हर सांभाळताना याच कामाचं डिग हाती आलं आणि त्याच्यावर जीव जडला. डिग उत्तरासोबत त्याची कुळकथाही सांगायचं: अधिकृत सर्व्हरनं दिलंय की कुणाच्या कॅशमधून आलंय, अजून किती सेकंद ग्राह्य आहे, यायला किती मिलिसेकंद लागले. ट्रेस लावला की रूट सर्व्हर, मग डॉट इनचे सर्व्हर, मग त्या डोमेनचा स्वतःचा नेमसर्व्हर, असा सगळा रस्ता ओळीओळीनं दिसायचा. सगळी यादी कुणा एकाकडे नाही, प्रत्येकाला फक्त पुढचा दरवाजा ठाऊक. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडलेली डीएनएसची ही रचना मला त्या ओळींतूनच उमगली.

जानेवारी २०१४ मध्ये फ्रीबीएसडी १०.० आलं आणि मूळ इन्स्टॉलमधून बाइंड काढलं गेलं. डिग आणि एनएसलुकअप बाइंडचीच, तीही गेली. मला वाईट वाटलं, पण निर्णय पटला. बाइंड हा भला मोठा नेमसर्व्हर. त्यात सुरक्षेची भोकं सापडत राहायची आणि दर वेळी मूळ सिस्टिमला ठिगळ लावावं लागायचं. मूळ सिस्टिममध्ये जे ठेवायचं, त्याची निगा कित्येक वर्षं राखायची जबाबदारी येते. त्या जागी अॅमस्टरडॅमच्या एनएलनेट लॅब्जचं अनबाउंड आलं. ते फक्त रिझॉल्व्हर, डीएनएसच्या स्वाक्षऱ्याही तपासणारं.

डिग हवंच असेल तर पॅकेज आहे. पण नावंच उलगडत नसतील तर पॅकेजचा सर्व्हर तरी कसा सापडणार? म्हणून माझा आग्रह आहे की डीएनएसला प्रश्न विचारणारं एक तरी साधन यंत्रात आधीपासून असायलाच हवं. फ्रीबीएसडीनं ते जपलं: डिगच्या जागी ड्रिल दिलं, शिवाय होस्ट ठेवलं. डिगचे अधिकचिन्ह लावून द्यायचे पर्याय ड्रिलला कळत नाहीत. बोटांना काही काळ ते जाचलं. उत्तराची मांडणी मात्र जवळपास तीच, आणि ट्रेसही आहे.

टीममध्ये नवी मुलं आली की मी त्यांना कोऱ्या यंत्रावर, एकही पॅकेज न घालता, ड्रिलनं रूटपासून आमच्या डोमेनपर्यंत चालत यायला सांगतो. तिसऱ्या-चौथ्या ओळीला कुणीतरी विचारतंच, ‘म्हणजे रूटला आपला पत्ता माहीतच नाही?’